विश्लेषण : दोन दिवसांची मुंबई, नकाशा मुलांच्या हाती! लोकल, मेट्रो, बेस्टने सहल कशी करावी?

शनिवार-रविवार मुंबई बघायला जायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती गाडीची. स्वतःची न्यायची की तिथे टॅक्सी करायची? लोकलचे नाव निघाले की आजी म्हणते, ‘नको गं बाई, पोरांना घेऊन त्या गर्दीत!’ पण ही पोरे आता लहान राहिलेली नसतात. मुलगी चौदाची, मुलगा सोळाचा. दोन-तीन वर्षांत त्यांच्यापैकी कुणी तरी कॉलेजसाठी, परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी अनोळखी शहरात एकटे उतरणार असते. त्या दिवशी आई-बाबा मागे उभे नसतील. म्हणून त्याची उजळणी आताच, ते मागे उभे असताना करून घेतलेली बरी. त्यासाठी लोकल, मेट्रो आणि बेस्टची मुंबई यांसारखी दुसरी शाळा नाही. पुण्याहून निघणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊन हा बेत समजून घेऊ.

स्वतःची गाडी का नको?

फोर्ट, कुलाबा, गिरगाव या भागांत गाडी लावायला जागा शोधण्यातच सहलीचा वेळ जातो. परतताना रविवारी संध्याकाळी घाटातली कोंडी वेगळीच. त्याहून मोठे कारण म्हणजे गाडीत मागे बसलेली मुले खिडकीबाहेर न बघता मोबाइल बघतात. स्टेशनवर मात्र त्यांना फलाट, दिशा, वेळ आणि तिकीट याकडे लक्ष द्यावेच लागते.

पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोहोचते आणि त्याआधी दादरला थांबते. रविवारी संध्याकाळी ५.१० ला तीच गाडी सीएसएमटीहून परत निघते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या या गाडीच्या दोन वेळांमध्ये आपली सहल बसवायची आहे. मुक्काम दादरला मावशीकडे किंवा लॉजवर धरू.

लोकल, मेट्रो आणि बेस्टमध्ये फरक काय?

लोकल सर्वांत स्वस्त. द्वितीय श्रेणीचे किमान भाडे ५ रुपये. सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो. इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार याचे नाव, धीमी की जलद, डबे १२ की १५ आणि किती मिनिटांत येणार हे दिसते. या चार गोष्टी वाचता आल्या की निम्मी मुंबई समजली. एक सापळा लक्षात ठेवावा. वातानुकूलित लोकलही त्याच फलाटावर येते, पण तिचे तिकीट वेगळे असते आणि किमान भाडे ३५ रुपये आहे. साध्या तिकिटावर तिच्यात चढल्यास दंड होतो.

मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली. लांबी साधारण ३३ किलोमीटर, २७ स्थानके, भाडे १० ते ७० रुपये. पाहुण्यांसाठी हिने मुंबई फारच सोपी केली आहे. दादर, विज्ञान केंद्र, ग्रँट रोड, सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट एकाच रेषेवर आले आहेत.

बेस्टची बस सर्वांत संथ, पण शहर दिसते ते बसमधूनच. मे २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. दक्षिण मुंबईत आता वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर दिसतात. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सोळा वर्षांचा मुलगाही सहा वर्षांचा होतो.

बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना रेल्वेत पूर्ण तिकीट लागते. लोकलचे तिकीट रेलवन अ‍ॅपवर काढता येते, तर मेट्रो, बेस्ट आणि लोकल एकत्र आणणारे ‘मुंबई वन’ अ‍ॅपही आहे. अ‍ॅप निघण्याच्या आदल्या रात्री घरीच सुरू करून घ्यावे. स्टेशनच्या जिन्यावर ओटीपीची वाट बघत उभे राहण्यात मजा नसते.

मेगाब्लॉकचे गणित काय?

मुंबईकराला पाठ असते आणि पाहुण्याला नेमकी माहीत नसते अशी गोष्ट म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. रूळ, सिग्नल आणि वीजतारांच्या देखभालीसाठी रेल्वे बहुतेक रविवारी सकाळी उशिरापासून दुपारी चारच्या आसपासपर्यंत काही मार्गांवर ब्लॉक घेते. गाड्या रद्द होतात, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळतात, राहिलेल्या गाड्यांत गर्दी वाढते. त्याचे वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होते.

त्यामुळे बेताचे सूत्र सोपे आहे. लांबची ठिकाणे शनिवारी, सीएसएमटीपासून पायी गाठता येतील अशी रविवारी. घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण लाँचचा प्रवास जाता-येता तास-तासाचा आहे. संध्याकाळी ५.१० ची गाडी धरायची असताना तो बेत टाळावा आणि पुढच्या खेपेला घारापुरीसाठी वेगळा दिवस ठेवावा. ती लेणी सोमवारी बंद असतात.

शनिवारचा बेत कसा?

दादरला सामान ठेवून, वडापाव खाऊन दुपारी बाराच्या सुमारास निघावे. दादर मेट्रोतून कफ परेडच्या दिशेने चौथे स्थानक विज्ञान केंद्र. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. इथली उपकरणे काचेआड नाहीत, हाताने फिरवून, ओढून, दाबून पाहायची आहेत. दुपारच्या उन्हात दोन-अडीच तास सहज जातात.

तिथून पुन्हा मेट्रोने ग्रँट रोड. पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर गावदेवीत मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचा मुंबईतला मुक्काम या घरात असे. इतिहासाच्या पुस्तकातली वाक्ये इथे खोली, जिना आणि चरखा होऊन समोर येतात.

मणिभवनहून गिरगाव चौपाटी जवळ आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झालेल्या लोकमान्य टिळकांवर याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, त्यांचा पुतळा तिथे उभा आहे. मग मरीन ड्राइव्हने समुद्र उजव्या हाताला ठेवून चर्चगेटकडे चालत जावे. डावीकडच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती आर्ट डेको शैलीच्या आहेत. व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा हा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. पाय दुखले तर बस आहेच. सूर्यास्त कठड्यावर बसून बघावा.

परतीला लोकल, तीही चर्चगेटहून. हे सुरुवातीचे स्टेशन असल्याने एखादी गाडी सोडली तर पुढच्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. धीम्या गाडीने दादर आठवे. लोअर परळ गेले की उठावे आणि पुढे उभ्या असलेल्याला विचारावे, ‘दादर?’ तो मान हलवेल किंवा बाजूला होईल. या एका शब्दावर मुंबईचे उतरणे चालते. गर्दीच्या वेळी विरारच्या जलद गाडीत दादरसाठी चढू नये, हा अलिखित नियमही मुलांना सांगून ठेवावा.

रविवारचा बेत कसा?

सकाळी नऊच्या आत सामान घेऊन निघावे आणि मेट्रोने थेट सीएसएमटी गाठावे. ब्लॉकचा प्रश्नच उरत नाही. बॅगांना कुलूप लावून त्या स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवाव्यात. मग रस्ता ओलांडून सीएसएमटीची इमारत निवांत पाहावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे. समोरचे महापालिका मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच. दोन्ही इमारतींत साम्य शोधायला मुलांना सांगावे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती.

पुढे पायी हुतात्मा चौक. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक इथे शेजारी-शेजारी आहेत. १ मे १९६० ही तारीख पाठ केलेल्या मुलांना ती कुठल्या रस्त्यावरून आली हे इथे समजते. काळा घोड्याच्या वाटेवर राजाबाई टॉवर दिसतो. सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडते. ते १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवावे, विद्यार्थी सवलत विचारता येते.

जेवून गेट वे ऑफ इंडिया. ही कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली. ब्रिटिश राजा-राणीच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलेल्या या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश तुकडी मायदेशी निघाली. तिथून बसने किंवा अर्ध्या तासाच्या चालीने सव्वाचारपर्यंत सीएसएमटीला परतावे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट लोकलच्या फलाटांपासून अंतरावर आहेत. सामान घेऊन तिथवर जायला वेळ लागतो.

मुलांच्या हाती नेमके काय द्यायचे?

‘तूच ने आम्हाला’ असे म्हणून मागे दहा सूचना देत राहिले तर उपयोग नाही. शनिवार एकाचा, रविवार दुसऱ्याचा, अशी वाटणी करावी. ज्याचा दिवस त्याने तिकीट काढायचे, दिशा ठरवायची, उतरायचे कुठे ते सांगायचे. दिवसाच्या खर्चाचे पैसेही त्याच्याकडेच द्यावेत. उरलेल्या पैशांचे आइस्क्रीम, असा करार केला तर टॅक्सीचा हट्ट आपोआप कमी होतो.

मूल चुकीच्या दिशेच्या मेट्रोत बसले तर? बसू द्यावे. पुढच्या स्थानकावर उतरून परत यायला काही मिनिटेच लागतात. ही चूक आज दहा रुपयांत होते आहे, परीक्षेच्या दिवशी ती महाग पडली असती. आई-बाबांनी तोंड उघडायचे ते फक्त सुरक्षेचा प्रश्न आला तरच.

चुकामूक झाली तर काय करायचे?

निघण्याआधी नियम ठरवावा. गाडीत चढताना कुणी मागे राहिले तर त्याने त्याच फलाटावर इंडिकेटरखाली थांबायचे. जे पुढे गेले त्यांनी गाडी थांबेल त्या पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचे. धावत्या गाडीत चढायचे किंवा उतरायचे नाही.

डब्यांची वाटणीही आधीच करावी. रेल्वे कायद्यानुसार महिलांच्या डब्यात बारा वर्षांखालील मुलगाच चालतो. म्हणजे आई आणि मुलगी तिकडे गेल्या तर सोळा वर्षांचा मुलगा बाबांसोबत सर्वसाधारण डब्यात. अशा वेळी उतरल्यावर कोणत्या पुलाखाली भेटायचे हे ठरलेले हवे. भुयारी मेट्रोत मोबाइलला रेंज मिळेलच असे धरू नये. आई-बाबांचे नंबर कागदावर लिहून खिशात द्यावेत. रेल्वेसाठी १३९, पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांकही त्यावर असावेत.

कोणत्या बाबतीत तडजोड नाही?

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारच्या मार्गांवरून जाणाऱ्या दोन गर्दीच्या लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ते रोज कामावर जाणारे, सरावलेले लोक होते. त्यांच्यापुढे गर्दीने दुसरा पर्याय ठेवला नव्हता. आपल्यापुढे पर्याय आहे. गाडी भरलेली असेल तर ती सोडायची. दारात उभे राहून वारा खायचा नाही, रील काढायची नाही, रूळ ओलांडायचे नाहीत. पायरीवरचा प्रवास आणि रूळ ओलांडणे हे कायद्यानेही गुन्हे आहेत. हा नियम समजावताना आवाज चढवण्याची गरज नाही, मुंब्र्याची घटना सांगितली तरी पुरते.

शेवटची परीक्षा कोणती?

रविवारी दुपारी, सगळे सुरळीत झाले असेल आणि मुलांचीही तयारी असेल, तर एक टप्पा त्या दोघांनाच करू द्यावा. हुतात्मा चौकातून मेट्रोने सीएसएमटी. मधे एकही स्थानक नाही, गर्दीही आटोक्यात. आई-बाबांनी बसने किंवा पायी यावे आणि क्लोकरूमपाशी भेटायचे ठरवावे.

अंतर जेमतेम एक किलोमीटर. आईला ते ठाण्याइतके लांब वाटेल, हे खरे. पण तिथे पोहोचल्यावर दोघे आधीच उभे असतील आणि धाकटी म्हणेल, ‘किती उशीर केलात!’ दोन वर्षांनी ती एकटी कुठल्याशा स्टेशनवर उतरेल, तेव्हा हा एक किलोमीटर तिच्यासोबत असेल.