मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात!

ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांबद्दल भरपूर लिहून झालंय. पण तो कोर्स ज्यांना बनवावा लागतो, त्या प्राध्यापकांच्या मदतीला कोण असतं? धुळे-जळगावकडून एक घरगुती रिपोर्ट.

ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं की काय होतं? दोन दिवस ट्रेनिंग, मध्ये समोसे, आणि नंतर अडलं की हेल्पडेस्क. तिकीट टाकायचं आणि चहाला जायचं. आता समजा, बॉस म्हणाला की हे ट्रेनिंग तुम्हीच लिहायचं, तुम्हीच कॅमेऱ्यासमोर बोलायचं, एडिट तुम्हीच करायचं, अपलोडही तुम्हीच. रोजचं काम आहे तेवढंच राहील. आणि हेल्पडेस्क? घरात एखादा भाचा-भाची असेलच की!

ती भाची म्हणजे मी.

२०२० चा मार्च. मी पुण्यात मास कम्युनिकेशन शिकत होते. हॉस्टेल रिकामं करा म्हणाले, म्हणून बॅग उचलली आणि जळगावला घरी निघाले. वाटेत धुळ्याला मावशीकडे दोन दिवस थांबू म्हटलं. त्या दोन दिवसांचे अडीच महिने झाले, कारण जिल्ह्याच्या सीमाच बंद झाल्या. मावशी तिथल्या एका सिनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वीसएक वर्षं झाली असतील. घर देवपूरला. एप्रिलमध्ये तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला: सर्वांनी आपापल्या विषयाचे व्हिडिओ करून लिंक पाठवाव्यात, सोबत अहवाल जोडावा.

मदत म्हणून एक वेबिनार झाला. दुपारी तीन ते पाच. कुठलं बटण दाबलं की स्क्रीन शेअर होते, कुठलं दाबलं की रेकॉर्ड होतं. शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट! त्या उन्हाळ्यात मावशीकडे अशी किती सर्टिफिकेटं जमली, हे तिलाही सांगता येणार नाही. शिकवायचं कसं, याचं एकही नव्हतं.

बघणारे अकरा, त्यातली चार वेळा मीच

पहिला व्हिडिओ आम्ही हॉलमध्ये शूट केला. मोबाइल डब्यावर डबा रचून उभा केलेला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि घरात कूलर बंद, कारण कूलरचा आवाज माइकमध्ये विमानासारखा येतो. गच्चीवर जावं तर तिथे शेजारच्या काकूंच्या बिबड्या वाळत घातलेल्या. मावशी घामाघूम. साडी मात्र कडक इस्त्रीची.

आणि मग ती बोलायला लागली. "प्रिय विद्यार्थी मित्रहो, सदर घटकामध्ये आपण पुरवठ्याची लवचिकता या संकल्पनेचा अभ्यास करणार आहोत..."

मी मोबाइलच्या मागून बघत राहिले. ही कोण बाई? माझ्या मावशीच्या वर्गात मी लहानपणी शेवटच्या बाकावर बसलेली आहे. तिथे ती लवचिकता शिकवताना रावेरच्या केळीवर येते. भाव पडला म्हणून शेतकरी घड झाडावरच किती दिवस ठेवणार? आणि कापला की मग तर संपलंच. ती फळ्याकडून वळते आणि अहिराणीत विचारते, "केयी कापी टाकी, मंग ती थांबस का? समजनं का?" अख्खा वर्ग हसतो, आणि पोरांच्या डोक्यात ते कायमचं बसतं. मग सोन्याची पाळी. भाव वाढला म्हणून लग्न थांबतं का? नाही थांबत, पण दहा ग्रॅमची पोत सहा ग्रॅमवर येते. जळगावच्या सराफ बाजाराच्या जवळ राहणाऱ्याला यापेक्षा सोपं उदाहरण कुठलं देणार?

कॅमेरा सुरू झाला आणि केळी गेली, सोनं गेलं, अहिराणीही गेली. उरलं ते पाठ्यपुस्तक. अठ्ठेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ. आठवड्याभरात तो अकरा वेळा बघितला गेला. त्यातली चार वेळा मी, आवाज नीट आलाय का ते तपासायला.

मला त्या दिवशी कळलं की बटणांचं ट्रेनिंग कितीही द्या, अडचण बटणांची नाहीच. वीस वर्षं वर्गात कमावलेलं शिकवणं कॅमेऱ्यासमोर कसं आणायचं, हे सांगणारं माणूस तिच्याजवळ नव्हतं.

हे काम येणारी माणसं होती की!

गंमत म्हणजे महाराष्ट्रात हे शास्त्र नवीन नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. पहिले कुलगुरू राम ताकवले, मूळचे फिजिक्सचे. त्यांच्या पुस्तकांची आतली पानं कधी उघडून बघा. लेखकाच्या नावाबरोबर संपादक असतात आणि 'अनुदेशन तंत्र' संपादकही असतात. म्हणजे विषय जाणणारा एक आणि तो विषय घरी एकट्याने शिकणाऱ्यापर्यंत कसा पोचेल हे बघणारा दुसरा. ब्रिटनमधल्या ओपन युनिव्हर्सिटीने १९६९ मध्ये स्थापनेपासूनच ही टीमची पद्धत रुळवली होती. एकट्या प्राध्यापकाने कोर्स बनवायचा, ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती.

पवईला आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प आहे. साधारण दहा मिनिटांचे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मराठीतसुद्धा. तिथे आधी स्क्रिप्ट लिहितात, आणि ती तपासणाऱ्यांत एक माणूस मुद्दाम नवशिका असतो. त्याला जमलं तरच पुढे जायचं. माझ्या फिल्डमध्ये कॉपी आधी ऑफिसच्या शिपायाला वाचून दाखवा म्हणायचे, तसंच काहीसं.

त्याच आयआयटीत प्रा. सहाना मूर्ती आणि प्रा. श्रीधर अय्यर यांच्या टीमने २०१७ मध्ये देशभरच्या कॉलेज शिक्षकांसाठी ऑनलाइन आणि मिश्र पद्धतीच्या अध्यापनाचा कोर्स चालवला. तोही ऑनलाइनच! म्हणजे मास्तरांना आधी विद्यार्थी व्हावं लागलं, डेडलाइन चुकवावी लागली, चर्चेत प्रश्न विचारावे लागले. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. व्हिडिओ मध्येच थांबतो आणि तुम्हाला प्रश्न विचारतो. विचार करा, उत्तर कागदावर लिहा, मगच पुढे जा. मावशी केळीचा प्रश्न विचारून फळ्यापाशी गप्प उभी राहते ना, तेच हे.

आणि स्टुडिओचं म्हणाल तर २०१४ चा एक अभ्यास आहे, फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांचा. एडएक्स या प्लॅटफॉर्मवर व्हिडिओ बघितल्याच्या एकोणसत्तर लाख नोंदी त्यांनी तपासल्या. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक टिकून बघतात, लांबले की सोडून देतात. आणि भारी स्टुडिओतल्या शूटपेक्षा टेबलाशी बसून, समोरच्याशी बोलल्यासारखं साधं रेकॉर्डिंग जास्त धरून ठेवू शकतं. हे मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे इस्त्री वाया गेली म्हण की!"

मग आम्ही अठ्ठेचाळीस मिनिटांचे सात तुकडे केले. प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न. उत्तर व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोटने पाठवायचं. साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या मुलाने कळवलं की मॅडम, व्हिडिओ उघडतच नाही, रेंजसाठी टेकडी चढावी लागते. म्हणून त्याच तुकड्यांचा नुसता ऑडिओ काढला, सोबत एका पानाची नोट. एवढ्याशा फाइल्स लगेच जायला लागल्या. हा उपाय कुठल्या वेबिनारमध्ये आला नव्हता. एका विद्यार्थ्याने अडचण सांगितली आणि ती ऐकायला एक रिकामी भाची घरात होती, म्हणून सुचला. आता विचार करा, ज्यांच्या घरी भाची नव्हती त्यांचं काय झालं असेल?

पॉइंट्सचा हिशोब

कोविड गेला, पण ऑनलाइन कोर्स गेले नाहीत. केंद्र सरकारचं 'स्वयम्' जुलै २०१७ पासून आहे. तिथे कोर्स म्हणजे चार भाग: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सेमिस्टरमधले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करायला परवानगी दिली. आधी २०१६ मध्ये ही मर्यादा वीस टक्के होती. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांतही आलं. थोडक्यात, मावशीच्या ग्रुपवरचे मेसेज थांबणार नव्हते.

आता मेहनतीचा मोबदला बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत बढतीसाठी पॉइंट्सचा तक्ता आहे. चारही भागांचा, चार क्रेडिटचा अख्खा ऑनलाइन कोर्स बनवला तर वीस पॉइंट. आणि कला-वाणिज्य शाखेत एका मान्य नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला तर दहा. म्हणजे दोन निबंध बरोबर एक अख्खा कोर्स. ज्याने एक तरी सात मिनिटांचा व्हिडिओ नीट बनवलाय तो काय निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्राची मावशी लागत नाही.

ही झाली कायम नोकरीतल्यांची गोष्ट. खानदेशातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी जण आहेत. पीएचडी झालेले, सेट-नेट झालेले. जितके तास वर्गात शिकवलं तितक्यांचेच पैसे. सात मिनिटांच्या व्हिडिओसाठी चार तास लिहिलं, दोन तास रेकॉर्ड केलं, एक तास कापाकापी केली, त्यातला एकही तास या हिशोबात बसत नाही. पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल की नाही ते माहीत नाही, आणि त्यांचा व्हिडिओ मात्र कॉलेजच्या चॅनलवर राहतो. त्यांनी का बनवावा? मला याचं प्रामाणिक उत्तर सुचत नाही, आणि हा प्रश्न कुठल्या कार्यशाळेच्या पत्रिकेत मी छापलेला बघितलेला नाही.

मदत द्यायचीच तर स्टुडिओ ही शेवटची गोष्ट आहे, असं माझं मत. उद्घाटन होतं, फीत कापतात, फोटो येतो. मग किल्ली कोणाकडे ते कळत नाही. त्याऐवजी आवाज आणि एडिटिंग सांभाळणारी एक व्यक्ती द्या, आणि दुसरी अशी जी प्राध्यापकाजवळ बसून "मॅडम, हे मला कळलं नाही" असं न घाबरता म्हणेल. गावोगावी मास कम्युनिकेशन आणि बी.एड. करून बसलेली पोरं आहेत, त्यांना पगार देऊन हे काम द्या. आणि कोर्स बनवणाऱ्याचे वर्गातले तास एका सेमिस्टरपुरते कमी करा. हे तिसरं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड!

आमच्या तिकडच्या विद्यापीठाची हद्द जळगाव, धुळे, नंदुरबार अशी तीन जिल्ह्यांची. १९९० चं हे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि घरातलं कोणी, मुलगा सोपानदेव वगैरे, उतरवून घ्यायचं. त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं ते त्यामुळेच. उतरवून घेणाऱ्यांनी त्यांची बोली 'शुद्ध' करून टाकली असती तर? मावशीचा तो पहिला व्हिडिओ आठवला की मला हे हमखास डोक्यात येतं.

गेल्या दिवाळीत धुळ्याला गेले होते. फराळाची ताटं आवरायच्या आत मावशी म्हणाली, "ट्रायपॉड आणलाय ना?" म्हणजे तिला पुन्हा मॉड्यूल करायचं होतं. या वेळी हॉलमध्ये नाही, तिच्याच वर्गात. सुट्टी असल्यामुळे कॉलेज रिकामं. शिपाईदादांनी वर्ग उघडून दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर बसले. तो बाक रिकामा असला की तिला बोलता येत नाही, हे तिने त्यांना आधीच सांगितलं होतं.

खडू, फळा, मोबाइल. आवाजासाठी पंखा बंद. पहिली दोन मिनिटं पुन्हा "सदर घटकामध्ये" झालं. मी काहीच बोलले नाही. मग ती फळ्यावर केळीचा घड काढायला लागली. तो घडापेक्षा हाताच्या पंजासारखा दिसत होता, आणि शिपाईदादा हसले. तिनेही वळून बघितलं, हसली, आणि त्यांनाच विचारलं, "केयी कापी टाकी, मंग ती थांबस का?"

"कसी थांबई, मॅडम," दादा म्हणाले. "काळी पडी जाई ना."

मावशीने चमकून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. एवढं कापून टाक. मी मान हलवली आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी ती थांबली तेव्हा पदराने कपाळ पुसत होती.

दादांनी उठून पंखा लावला.