नंबर लागेपर्यंत राहायचं कुठं?

मुंबईत सरकारी घरासाठी अर्ज करणाऱ्याकडून उत्पन्नाचा दाखला मागतात, अधिवासाचा दाखला मागतात, नावावर दुसरं पक्कं घर नाही असं प्रतिज्ञापत्र लिहून घेतात. गिरणी कामगार असेल तर चाळीस वर्षांपूर्वीच्या हजेरीपटापर्यंत जातात. एवढ्या कागदांत एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही: आत्ता भाडं किती भरता, आणि ते झेपतं का? यादी घराची असते. घर मिळेपर्यंतच्या वर्षांचा त्या यादीशी काही संबंध नसतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १८९६ च्या प्लेगनं मुंबईच्या दाटीचं पितळ उघडं पाडलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्यानं बांधलेल्या बीआयटी चाळी अजून उभ्या आहेत. १९२० च्या दशकात बीडीडीच्या चाळी आल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. यात दानत वगैरे शोधायला जाऊ नये. गिरण्यांना आणि बंदराला हात हवे होते, आणि हातांना रात्री पाठ टेकायला जागा लागते. पण सरकार घरमालक होतं, दर महिन्याला भाडं घेत होतं आणि पावती फाडत होतं. स्वातंत्र्यानंतर हाच धागा पुढे गेला. १९५२ मध्ये केंद्रानं औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली. घराच्या खर्चाच्या मानानं भाडं कमी ठेवायचं आणि फरक सरकारनं सोसायचा, असा हिशेब. विक्रोळीचं कन्नमवार नगर त्याच काळातलं.

खासगी घरांना १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. भाडं १९४० च्या पातळीला बांधून ठेवणारा. पागडी त्यातून फोफावली, मालकांनी डागडुजी सोडली, इमारती खचल्या, शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवावा लागला. मुंबईच्या घरांचं जे काही वाटोळं झालं त्याचं खापर या एका कायद्यावर फोडायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. याच कायद्यामुळे लालबागचा विणकर लालबागेत राहू शकला आणि भोंगा झाल्यावर चालत गिरणीत पोचला. ज्याच्या नावावर खोली नव्हती तो गावकरी मंडळाच्या खोलीत वळकटी टाकायचा. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी व्हायची. त्याच्याकडे भाडेपावती नव्हती, पण डोक्यावर छप्पर आणि दुपारी खानावळीचं ताट होतं.

१९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली. नाव नवं, पण हळूहळू धंदाही बदलला. जुन्या वसाहतींतले भाड्याचे गाळे राहणाऱ्यांच्या सोसायट्यांकडे मालकीनं जाऊ लागले. राहणाऱ्यांना ते हवंच होतं आणि भाडेवसुलीच्या कटकटीतून म्हाडाही सुटत होती. नवीन बांधायचं ते विकायलाच, आणि घेणारे घरांच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. वर्षानुवर्षं वांद्र्याच्या रंगशारदात निकाल लागत. बाहेर मंडपात माणसं पडद्याकडे डोळे लावून बसत. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. ज्याला घर लागलं त्याची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते, कारण रक्कम ठरलेल्या मुदतीत भरायची असते. उत्पन्न अल्प गटाचं आणि घराची किंमत भरमसाट, मग बँक दारात उभं करत नाही. लागलेलं घर परत करणारे दर सोडतीत निघतात. त्यांच्या कहाण्या छापून येतात त्या ‘विजेत्यांनी घरे नाकारली’ अशा मथळ्याखाली, जणू आंब्याची पेटी परत पाठवली.

या सगळ्यात सर्वांत लांबलेली यादी गिरणी कामगारांची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत, ५८ व्या नियमात, गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरलं: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीची झाली, आणि गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? शेड, गोदाम, चिमणी, पुन्हा शेड. म्हाडाच्या वाट्याच्या निम्म्या घरांवर कामगारांचा हक्क त्याच बदलात लिहिला गेला, हे खरं. पण म्हाडाचा वाटाच ओंजळीएवढा झाला होता. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, हा अर्थ २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नाकारला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. तोवर लोअर परळमध्ये मॉल उभे राहिले होते.

मग अर्ज मागवले गेले. २०१०-११ च्या फेरीत दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारस आले. पुढे आणखी एक फेरी झाली आणि आकडा पावणेदोन लाखांच्या घरात गेला. पहिली सोडत जून २०१२ ला, ६,९२५ घरं, २२५ चौरस फुटांचं घर साडेसात लाखांना. पुढच्या २०१६ आणि २०२० मध्ये. सगळ्या मिळून घरं सुमारे सोळा हजार.

कागद कुठले लागतात ते बघा: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिसचा दाखला, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक, उपदान दिल्याचा आदेश, पगारपावती. यातलं जे असेल ते आणा. कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचं सिद्ध झालं पाहिजे. ज्या माणसानं संपात भांडी विकली त्यानं पगारपावती जपून ठेवायची होती, अशी ही अपेक्षा. तरी लोकांनी ठेवल्या. कातडी निघालेला लाल पास, साडीच्या खोक्यात, बायकोच्या मंगळसूत्राच्या पावतीबरोबर.

अडचण कागद नसण्यापेक्षा कागद जुळण्याची जास्त. पटावर नाव ‘तुकाराम सखाराम’, एवढंच. आडनाव लिहायची रीत खात्यात नव्हती; फार तर गावाचं नाव जोडायचे. आधारवर नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं स्पेलिंग. तुकाराम सखाराम म्हणजे हाच बाप, हे पोरीनं सिद्ध करायचं. तिला सांगतात, गॅझेट कर. ज्याचं नाव बदलायचं तो तर वारला. मग वारस दाखला, त्यासाठी कोर्ट, त्यासाठी भावांच्या सह्या, आणि गावाकडचा धाकटा भाऊ सही द्यायला तयार नाही, कारण त्याला वाटतं ताई मुंबईतलं घर एकटी गिळणार. अजून घर नाही, सोडत नाही, किंमत ठरलेली नाही, आणि घरात कज्जा मात्र आला. असे कज्जे मी एकाहून जास्त घरांत पाहिले आहेत.

सप्टेंबर २०२३ पासून म्हाडानं उरलेल्या सुमारे दीड लाख अर्जदारांच्या पात्रतेची मोहीम काढली. वांद्र्याला समाजमंदिर हॉलमध्ये शिबिर, शिवाय मोबाइल ॲप. काम चोख चाललं, लाखावर माणसं पात्र ठरली. पण पात्र म्हणजे काय? रेशनच्या रांगेत पुढचा माणूस धान्य घेऊन गेला की आपण एक पाऊल सरकतो. सोडतीत तसं नाही. पंधरा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्याला काल अर्ज केलेल्यापेक्षा तसूभरही जास्त संधी नसते, दर वेळी सगळे पुन्हा शून्यावर. मधल्या वर्षांचं भाडं मात्र कोणी शून्यावर आणत नाही. नालासोपारा, दिवा, बदलापूर इथं अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली, आणि अकरा महिने संपले की पुन्हा बोचकं. ज्यांना तेही जमलं नाही ते सावंतवाडीला, साताऱ्याला परतले आणि सोडतीची जाहिरात निघाली की एसटीनं येत राहिले.

भाड्याच्या घरांचा विचार सरकारला सुचलाच नाही असं नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांची मोठी योजना जाहीर केली. विकासकाला वाढीव चटई क्षेत्र द्यायचं, त्यानं १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून द्यायच्या, आणि एमएमआरडीएनं त्या गरजूंना स्वस्त भाड्यानं द्यायच्या. १६० हा आकडा कुठं वाचला ते आठवलं? बीडीडीची खोली, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी. योजना कागदावर बरी होती. पण भाडं गोळा कोण करणार, थकलं तर बाहेर कोण काढणार, नळ तुटला तर कोणाला बोलवायचं, या घरमालकाच्या रोजच्या कामांची कोणाला हौस नव्हती. काही वर्षांतच भाडं हा शब्द योजनेतून गळाला. दोन खोल्यांमधली भिंत काढून ३२० चौरस फुटांचं एक घर केलं आणि ते विकायला काढलं. पनवेलजवळच्या कोनची अशी दोन हजार चारशेच्या वर घरं डिसेंबर २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना लागली, सहा लाखांना एक. ताबा रखडला. करोना आला तेव्हाही ती रिकामीच होती, म्हणून तिथं विलगीकरण केंद्र झालं. परत मिळाली तेव्हा दारं-खिडक्यांची दुर्दशा, आणि दुरुस्ती एमएमआरडीएनं करायची की म्हाडानं यावर पत्रापत्री. गरिबाला भाड्यानं द्यायला बांधलेलं घर कोणी भाड्यानंही राहिलं नाही आणि मालकीनंही नाही, अशी वर्षं त्या इमारतींनी काढली.

२०२० च्या उन्हाळ्यात मजूर चालत गावी निघाले तेव्हा केंद्रालाही भाड्याची आठवण झाली आणि जुलैत परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आली. मुंबईच्या भाडेकरूला तिचा पत्ता लागला असेल तर मला भेटलेला नाही.

मग सरकार दरमहा भाडं कोणालाच देत नाही का? देतं, देववतं. पुनर्विकासात. आणि तिथं त्याचा अनुभव दोन्ही प्रकारचा आहे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारावर विश्वासून घरं रिकामी केली. काही वर्षं विकासकाकडून भाडं आलं, मग थांबलं. घर पाडलेलं, नवं उभं नाही, आणि भाडं स्वतःच्या खिशातून. त्यात निवृत्त माणसांची पेन्शन गेली. म्हाडानं विकासकाला दूर करून काम हाती घेतलं आणि २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. झोपडपट्टी योजनांत तर थकलेल्या भाड्याचा आकडा कोटींच्या शेकड्यांत गेला, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये झोपु प्राधिकरणानं नियम केला: विकासकानं दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायचे. उशिरा का होईना, हे शहाणपण होतं. बीडीडीत तर म्हाडाच थेट देते. रहिवाशांना दरमहा २५ हजार भाडं मिळालं आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या पडल्या. त्याबद्दल कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

फक्त हिशेब बघावा. ज्याच्या नावावर खोली आहे त्याला नवं घर होईपर्यंत भाडं मिळतं. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला अर्ज क्रमांक मिळतो.

मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरं ठरवली. साडेपाच लाख अनुदान, कामगारानं भरायचे साडेनऊ. ही घरं नाकारली तर हक्कच संपेल असं एक कलम त्यात होतं. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात चौदा संघटना एकत्र आल्या, तेव्हा ते कलम काढायची घोषणा झाली. घर मुंबईतच हवं, ही मोर्चाची मागणी. रास्तच आहे, गिरणीची जमीन काही वांगणीला नव्हती. पण संपाच्या वेळी पंचवीस वर्षांचा असलेला कामगार त्या दिवशी अडुसष्टचा होता, आणि मुंबईत घर बांधून होईपर्यंत पंचाहत्तरीचा होईल. पात्र ठरलेल्याला घराचा ताबा मिळेपर्यंत महिन्याला भाडं द्या, ही मागणी मी त्या मैदानाच्या फलकांवर शोधली. दिसली नाही. पात्र माणसांची यादी म्हाडाकडे तयार आहे, आणि दर महिन्याला भाडं पोचवायची सवय बीडीडीमुळे झालेली आहे. पाच हजारांपासून सुरुवात केली तरी दिव्यातल्या खोलीचं निम्मं भाडं सुटेल.