छापणाऱ्याचा लाभ कशात?

वृत्तपत्र जाहिरातींवर जगते, हे आपण जाणतो. पण आंबडव्याचे सुपुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरातीच्या पैशापेक्षा वर्गणीदारांची मर्जी मोलाची ठरली असावी, असे आम्हांस वाटते. ‘मूकनायक’ उभा राहिला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर.

शास्त्रज्ञांपुढचे आमिष बढतीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या शोधनिबंधांना गुण ठेवले. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. २०१८ मध्ये आयोगाला यादीतून चार हजारांवर नियतकालिके वगळावी लागली. रत्नागिरीच्या आपल्या विद्यार्थ्यांनी निबंध पाठविण्यापूर्वी तो तपासणार कोण, एवढे विचारावे.