क्लस्टर डोकेदुखी : औषध डोक्याचे, तपासणी हृदयाची

एकाच डोळ्याभोवती उठणारी क्लस्टर डोकेदुखीची असह्य कळ १५ मिनिटे ते ३ तास टिकते. साधी वेदनाशामक गोळी लागू पडेपर्यंत ती बहुधा ओसरलेलीही असते. वर्षात सलग तीन महिनेही उसंत न मिळाल्यास विकार जुनाट मानतात. तेव्हा प्रतिबंधक औषधावरच भिस्त असते. त्यात पहिली पसंती व्हेरापामिलला. हे औषध मुळात हृदयविकार व रक्तदाबाचे. त्यामुळे हृदयातील विद्युतसंदेशांचे वहन मंदावू शकते. म्हणून मात्रा वाढविण्यापूर्वी ईसीजी काढावाच. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयात ही साधी तपासणी होते. गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. तोवर अनेकदा अल्पकाळ स्टेरॉइड देतात. अर्धशिशी समजून आधीच प्रोप्रॅनोलॉल सुरू असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. दोन्ही औषधे एकत्र आल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते.