सरस्वतीबाईंचा वाटाणा आणि दिघोरीचं धान

‘सिनेमा काढायचा म्हणजे का पापड लाटायचे आहेत, बाई?’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, एका मराठी गृहिणीनं हे काम घरातच, हातानं करता करता शिकून घेतलं होतं.

१९१२ सालची गोष्ट. दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून विलायतेला गेले, सिनेमाचं तंत्र पाहून आले, तिथं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. पण या नव्या खेळात पैसा घालणार कोण? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची रोज थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात कोंब फुटला, पानं आली, वेल चढला. नट नाही, नटी नाही, आजच्या भाषेत तो माहितीपटच! तो पाहून कर्ज देणारे तयार झाले.

या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके नुसता चहा करत नव्हत्या. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत, तीही अंधारात, हाताच्या अंदाजानं. दिवसभराचं घरकाम आटोपून त्या रात्री हे काम करीत. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला त्या शिकल्या. उजेड वळवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या. अंगावरचे दागिने दिले ते वेगळेच, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच! ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. नाव मात्र एकट्या दादासाहेबांचं झालं. यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही म्हणा!

आता मोबाईल घरोघरी आहे, फिल्म धुवायची कटकट नाही. तरी शिकायची रीत तीच. अंगणातला लहानसा विषय घ्यावा. भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावी तुमचं सासर किंवा माहेर असेल, तर विषय शोधत हिंडायला नको. धान आहे की! पावसाच्या सुरुवातीला पऱ्हे टाकतात, तीन-चार आठवड्यांनी बांधीत रोवणी, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. चार-पाच महिने हाताशी आहेत, घाई कशाला?

आधी तगारीत मूठभर धान पेरा. स्टुलावर पितळी डबा ठेवून त्याला मोबाईल टेकवा आणि डब्याच्या जागी खडूनं खूण करा. दिवसाला एकच फोटो काढलात, तर पंचवीस दिवसांत पडद्यावर सेकंदभराचंच काम होईल, कारण एका सेकंदाला साधारण पंचवीस चित्रं लागतात. म्हणून दिवसाला दहा तरी काढा. भिंग आधी मऊ सुती कापडानं पुसून घ्या. फोडणीचा हात त्याला लागलेला असतोच!

मग बांधीवर जा. तिथं खरी परीक्षा. रोवणीच्या बाया चिखलात वाकून उभ्या असतात आणि आपण धुऱ्यावर कोरड्या पायांनी! त्यांची मजुरी कामावर असते. तुमच्या मुलाखतीपायी त्यांचा खोळंबा करू नका. दुपारी शिदोरी सोडतील तेव्हा जवळ जाऊन बसा, आधी विचारा, मगच मोबाईल काढा. वाकलेल्या बाईला पाठमोरी टिपण्याचा मोह आवरा. ते चित्र कुणालाच आवडत नाही, तिला तर नाहीच.

प्रश्नही असा विचारू नये, ज्याचं उत्तर नुसतं ‘हो’ येईल. ‘मावशी, पहिल्यांदा रोवणीला आलात तेव्हा किती वर्षांच्या होतात?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. बोलणारी थांबली की लगेच दुसरा प्रश्न टाकायची आपल्याला सवय असते. ती सोडली पाहिजे, कारण पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच खरं बोलणं येतं. मोबाईल हातभर अंतरावर असू द्या. वारा असेल तर झाडाच्या किंवा झोपडीच्या आडोशाला बसा, नाहीतर घरी येऊन नुसता घोंघाट ऐकाल.

दहा मिनिटं टिपलंत तर एक मिनिट ठेवा. आपलंच काम कापताना जीव कासावीस होतो, पण कापायचं. आणि गावभर दाखवण्याआधी ते त्याच मावशींना दाखवा. त्या ‘हे काढून टाक बाई’ म्हणाल्या, तर काढून टाका.