रूट केलेला मोबाईल आणि शिष्यवृत्तीची रक्कम

शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून जुना, स्वस्तातला मोबाईल घेणाऱ्या विद्यार्थी बंधू-भगिनींना आम्ही सावध करू इच्छितो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपल्या बंद खोलीत राहते. एकाला दुसऱ्याची माहिती वाचता येत नाही. फोन 'रूट' केला की सर्व खोल्यांची किल्ली तयार होते. ती लबाड ॲपच्या हाती पडल्यास पिन आणि ओटीपी दोन्ही गेले! म्हणूनच अनेक बँकांची ॲप्स अशा फोनवर उघडत नाहीत. काहीजण मॅजिस्क वापरून रूट लपवतात. हुशारी खरी, पण धोका तसाच राहतो. नुसत्या फॅक्टरी रीसेटने रूट जाईलच असे नाही, कंपनीची मूळ प्रणाली पुन्हा भरून घ्यावी लागते. पैसे गेलेच तर लाजू नये, ताबडतोब १९३० वर फोन करावा व बँकेलाही कळवावे.