लेझर आलं, म्हणजे आभाळ राखलं का?



परवा बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. लेझरनं ड्रोन पाडल्याचा. त्यांचा मुलगा सैन्यात, सीमेवर आहे. त्यांनी विचारलं, "हे आलंय, म्हणजे आता पोराला वरून धोका नाही ना?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग माहिती काढली, ती आज सांगते.

१३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओनं आंध्र प्रदेशात कर्नूल इथं गाडीवर बसवलेल्या लेझर शस्त्राची चाचणी घेतली. त्यात ड्रोन पाडले गेले. लहानपणी आपण भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळायचो ना? तसाच हा किरण ड्रोनच्या एकाच जागी धरतात. तिथलं कवच वितळतं आणि ड्रोन कोसळतं. ताकद ३० किलोवॅट, म्हणजे विहिरीवरच्या पाच एचपीच्या आठ मोटारींएवढी. किरण तयार करायला वीज मात्र त्याहून बरीच जास्त लागते.

फायदा मोठा आहे. काही सेकंदांच्या माऱ्याचा खर्च दोन-तीन लिटर पेट्रोलएवढा, असं सरकारनंच सांगितलंय. स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय वीज आहे तोवर दारूगोळा संपत नाही.

आता दुसरी बाजू. थंडीत सकाळी उसाच्या फडावर धुकं असलं, की समोरच्या ट्रॅक्टरचा दिवासुद्धा मिणमिणता दिसतो. लेझरही प्रकाशच आहे. धुकं, धूळ, पाऊस यांत त्याचा जोर ओसरतो. तो सरळ रेषेत जातो, त्यामुळे डोंगराआडचं त्याला गाठता येत नाही. पल्ला काही किलोमीटरचाच. उडत्या ड्रोनच्या एकाच ठिपक्यावर तो काही सेकंद धरावा लागतो. एक पडेपर्यंत दुसरं पुढं सरकतं. एकदम पन्नास आले तर एक यंत्र पुरणार नाही.

म्हणूनच २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची क्षेपणास्त्रं आणि लेझर यांची चाचणी एकत्र झाली. तिन्हींनी एकाच वेळी वेगवेगळी लक्ष्यं टिपली.

मावशींना मी एवढंच सांगितलं, "राखण करायला एक जण वाढलाय, पण बाकीच्यांना सुट्टी नाही." तेव्हा व्हिडिओ बघून निर्धास्त होऊ नका. भोंगा वाजवून दिवे बंद करायला सांगितलं, तर लगेच बंद करा.